खुलं पत्र: पाण्याची वेळ फक्त रीलमधून सांगू नका

प्रति,
सोलापूरच्या बातम्या आणि नागरी सूचना ऑनलाइन देणाऱ्या पोर्टलचे संपादक व व्हिडिओ विभागातले सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पोर्टलचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचताना हे पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला कळेल. शहरातली आणखी चार-पाच पानं आता त्याच वाटेने निघाली आहेत, त्यांनीही ते आपल्याला आलं असं समजून वाचावं. गेल्या महिन्यात तुम्ही एक निर्णय जाहीर केलात. पाण्याचं वेळापत्रक, वीज बंद राहण्याच्या सूचना, वाहतुकीतले बदल, शिबिरांच्या तारखा, सगळं यापुढे व्हिडिओ, रील आणि पोस्टर यांतूनच मिळेल. लेखी सूचना बंद. लोक आता वाचत नाहीत, बघतात, असं कारण तुम्ही दिलंत. चार आठवडे मी गप्प राहून पाहिलं. आता राहवत नाही म्हणून लिहिते आहे.

अशोक चौकाच्या मागच्या बाजूला माझं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नपत्रिका, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, असं दिवसभर चालू असतं. आमच्या घरात तेलुगू, गिऱ्हाइकांशी कधी कन्नड, कधी दखनी, आणि कागद सगळे मराठीत. पूर्व भागात कुणालाच यात नवल वाटत नाही. गेल्या महिन्यापासून मात्र दुकानात एक नवीन काम वाढलं आहे. माणसं तुमचा व्हिडिओ उघडून फोन माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, “ताई, ह्यात आमच्या गल्लीचं काय म्हणतंय, जरा बघून सांगा की.” मी बघते, कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देते. एका दिवशी अशा सतरा चिठ्ठ्या दिल्या. जे तुम्ही लिहायचं थांबवलंत, ते आता मी हाताने लिहिते आहे.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते नानांमुळे.

नाना म्हणजे माझे वडील, वय ७१. त्यांची ३२ वर्षं यंत्रमागावर गेली. शेडमध्ये एकाच वेळी चार माग सांभाळायचे, धोट्यांचा खडखडाट असा की शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचं तर ओठांनी आणि हातांनी. काम सोडायच्या आधीच कान गेले होते. आमच्या भागात असे म्हातारे घरोघरी आहेत, आणि कुणी त्याला आजार म्हणत नाही. श्रवणयंत्र आणलं, तर सगळेच आवाज एकदम अंगावर येतात म्हणून ते कपाटात पडून आहे. पण नाना वाचतात. सकाळी पेपर, आणि संध्याकाळी सात वाजता फोनवर तुमची लेखी यादी: पेठ, गल्ली, वार, वेळ. ती वाचून ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने पाण्याची वेळ लिहायचे. आमच्या गल्लीत पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. उजनीतून सुमारे शंभर किलोमीटर लांबून येणारं पाणी, त्यात कुठे जलवाहिनी फुटली, कुठे पंप बंद पडला की पाळी पुढे-मागे होते. त्यामुळे गल्लीतल्या बायका पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या आधी नानांना विचारायच्या.

गेल्या महिन्यात दुरुस्तीच्या कामामुळे आमची पाळी एक दिवस अलीकडे आली. तुम्ही ते सांगितलंत, व्हिडिओतून. तो मी नानांच्या शेजारी बसून पाहिला, पण पाणी येऊन गेल्यावर. पहिले चार सेकंद तुमची निवेदिका दिसते. नाना तिचे ओठ वाचायला पुढे झुकले. पाचव्या सेकंदाला ती गेली आणि ड्रोनमधून सिद्धेश्वर तलाव, देऊळ, भुईकोट किल्ल्याचे बुरूज आले. आवाज तिचाच चालू, खाली संगीत. ४१व्या सेकंदाला वेळापत्रकाचा तक्ता आला. लाल पट्टीवर पिवळी अक्षरं, एकवीस ओळी. ४४व्या सेकंदाला तो गेला. नानांनी अंगठ्याने व्हिडिओ थांबवला. थांबवला की मधोमध ते गोल चिन्ह येतं, आणि खालच्या ओळींवर तुमच्या पानाचं नाव आणि ‘फॉलो करा’. आमची गल्ली खालून तिसरी. त्यांनी मागे नेलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा मागे नेलं. सहाव्या खेपेला फोन खाटेवर पालथा ठेवला आणि म्हणाले, “हे माझ्यासाठी नाही.”

त्या पहाटे साडेतीनला पाणी आलं आणि पाचला गेलं. आमचं बॅरल रिकामं राहिलं. पुढचे चार दिवस दुकान उघडायच्या आधी मी स्कूटीवरून दोन-दोन कॅन पाणी आणत होते. ते एक वेळ झालं. पण त्या दिवसापासून नानांनी कॅलेंडरवर लिहायचं सोडलं आहे, आणि गल्लीतल्या बायकाही आता त्यांना विचारत नाहीत. याची भरपाई कशी करायची ते मला माहीत नाही.

तुमच्या मोजणीत त्या व्हिडिओला व्ह्यूज चांगले दिसले असतील. त्यांतले काही एकट्या नानांचे आहेत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चालू करावी लागली म्हणून आकडा वाढतो, तेव्हा लोकांना व्हिडिओ आवडला असा अर्थ काढू नका.

मी व्हिडिओच्या विरोधात नाही, हे नीट सांगायला हवं. मागावर धागा तुटला की विणकर जी गाठ मारतो, ती शब्दांत समजवायला मला पानभर लागेल आणि वाचणाऱ्याला तरीही ती बांधता येणार नाही. नानांच्या बोटांचा जवळून घेतलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ ते काम करेल. जॅकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पंच कार्डांवरून चादरीवर मोर कसा उतरतो, हे लिहून कळत नाही, बघूनच कळतं. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज पेलून उभे राहतात, तो क्षण, तो हर्र बोलाचा गजर, यांचा तुमचा जानेवारीतला व्हिडिओ मी स्वतः परगावच्या नातेवाइकांना पाठवला. तिथे लिहिलेल्या चार ओळी फिक्याच पडल्या असत्या. पण त्याच यात्रेत मिरवणूक कोणत्या चौकात किती वाजता पोहोचणार आणि कोणते रस्ते बंद, हेही तुम्ही तसंच पळत्या दृश्यांवर सांगितलंत. तिथे एक साधा नकाशा आणि खाली वेळांची यादी हवी होती.

इतकंच माझं म्हणणं आहे. सांगायची गोष्ट कोणती आहे, त्यावरून तिचं रूप ठरवा. हालचाल दाखवायची असेल तर व्हिडिओ घ्या. माणसाच्या आवाजात जीव असेल तर ऑडिओ, वस्तूचं रूप दाखवायचं तर फोटो, जागा दाखवायची तर नकाशा. आणि वेळ, तारीख, रक्कम, पत्ता, फोन नंबर, म्हणजे जिकडे माणूस पुन्हा पुन्हा वळून बघणार, उतरवून घेणार, दुसऱ्याला कळवणार, ते अक्षरांत. रूप कुठलंही निवडा, माहितीला तेवढं एकच दार ठेवू नका.

याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपण सगळ्यांनी अभिमानाने वाचलं. त्यांचं मुख्य काम होतं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं. फोन धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, गृहपाठ उघडतो. पण धडा पुस्तकातच राहिला. ज्याच्या घरी फोन नाही, रेंज नाही, त्या मुलाच्या हातातलं पान कोरं झालं नाही. मल्टिमीडियाचा चांगला वापर याहून सोपा करून मला सांगता येणार नाही, आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या शाळेत झाला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, तुम्ही लेखी मजकूर काढून टाकला ती. व्हिडिओतली गोष्ट शोधता येत नाही. नाना आपल्या गल्लीचं नाव टाइप करून थेट त्या ओळीवर जायचे. आता ४१ सेकंद थांबायचं आणि मग तीन सेकंदांत गाठायचं. व्हिडिओतला फोन नंबर दाबून फोन लागत नाही, पत्ता उचलून कुणाला पाठवता येत नाही. आणि डेटा. तीनशे शब्दांची सूचना म्हणजे जेमतेम अठराशे चिन्हं. फोन-संगणकात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे अख्खी सूचना पाच-साडेपाच केबीत बसते. तीच सूचना तीन मिनिटांच्या व्हिडिओत, अगदी हलक्या एक एमबीपीएसच्या दर्जात, २२ एमबीच्या वर जाते. चार हजार पट. महिन्याअखेरीला ज्यांचं रिचार्ज संपत आलेलं असतं त्यांची गर्दी मी रोज दुकानात बघते, म्हणून हा हिशेब मांडला. मे महिन्याच्या दुपारी ४३ अंशांत पत्र्याच्या घरात तापलेला फोन व्हिडिओ चालवता चालवता बंद पडतो, हेही आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी तक्रार पोस्टरची. तुम्ही अक्षरं चित्रात गोठवून टाकता. आमच्या शेजारी एक मुलगा राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, जन्मापासून त्याला दिसत नाही. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक चालू करून तो बोटाने स्क्रीन चाचपतो आणि फोन त्याला मराठीत वाचून दाखवतो. त्याचा वेग इतका की मला एक शब्द कळत नाही, त्याला सगळं कळतं. माझ्या दुकानात बसून त्याने तुमचं परीक्षा-केंद्र बदलल्याचं पोस्टर उघडलं. फोन म्हणाला, “इमेज.” त्याने पुन्हा बोट फिरवलं. “इमेज.” केंद्र कुठून कुठे गेलं, वेळ काय, कुणाला फोन करायचा, हे सगळं त्या चित्रात होतं आणि त्याच्यासाठी तिथे एकच शब्द होता. महिन्यापूर्वीपर्यंत हाच मुलगा तुमच्या बातम्या मला वाचून दाखवायचा.

मी डीटीपीवाली आहे, त्यामुळे पोस्टर का होतात हे मला ठाऊक आहे. युनिकोड म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर अक्षरं नीट दिसावीत अशी पद्धत, पण कार्यालयांतून येणारी पत्रकं अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. ती तशीच चिकटवली की अगम्य चिन्हं उमटतात. मग सोपा उपाय म्हणून फोटो काढून टाकला जातो. पण फोटो एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी पुसट होत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या फोनवर देवनागरीतला १ आणि ९ यांत फरक उरत नाही. पहाटे एकला उठून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पाणी नऊला होतं. जुन्या फाँटचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत, आम्ही रोज वापरतो. राहिलेल्या चुका हाताने सुधारायला दहा मिनिटं लागतात.

तिसरी तक्रार आवाजाबद्दल, आणि ती दोन बाजूंनी आहे. नानांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तुमच्या व्हिडिओवर कॅप्शन, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणाऱ्या ओळी, नाहीत. कधी असतात ती यंत्राने आपोआप केलेली, आणि यंत्राला आपल्या पेठा माहीत नाहीत. कन्ना चौकाचा ‘कान्हा चौक’ आणि बाळीवेशीचं ‘बाळी वेश’ झालेलं मी पाहिलं. पण माझी अत्ता, म्हणजे आत्या, तिची गोष्ट याच्या अगदी उलट. ती कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. मांडीवर सूप, हातात कात्री, नजर तेंदूच्या पानावर. दिवसभर विड्या वळताना तिला फक्त कान मोकळे असतात. तिला खरं तर तुमचा ऑडिओ फार सोयीचा. पण तुमची निवेदिका म्हणते, “सविस्तर वेळापत्रक स्क्रीनवर पाहा,” आणि तिथून पुढे नुसतं संगीत. अत्ता हातातली विडी खाली ठेवून, हात पुसून फोन उचलेपर्यंत तक्ता गेलेला असतो. विड्यांचा हिशेब हजारावर होतो, हात थांबले की मजुरी थांबते. म्हणजे एकाच व्हिडिओत ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठीचं अर्धं आवाजात आहे, आणि जिला बघता येत नाही तिच्यासाठीचं अर्धं चित्रात. दोघांनाही माहितीचा अर्धाच भाग पोहोचतो आणि तो नेमका नको असलेला. डोळ्यांना जे देता ते कानांना द्या, कानांना जे देता ते डोळ्यांना द्या, एवढ्यानेच हे सुटेल.

चौथी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माझं आजोळ पाण्याने वेढलं होतं. मोहोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. दोन दिवस फोन लागत नव्हता. त्या दिवसांत तुमच्या प्रतिनिधींनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जे दाखवलं त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. मामाच्या गल्लीतलं पिंपळाचं झाड तुमच्या व्हिडिओत दिसलं आणि आमच्या जिवात जीव आला. पण पूर ओसरून काही आठवडे झाल्यावर, नुकसानभरपाईच्या बातमीवर तुम्ही तीच दृश्यं पुन्हा लावलीत. वर तारीख नाही, ‘संग्रहित’ असा शब्द नाही. आईने आवाज न ऐकता नुसतं पाणी पाहिलं आणि ती जागच्या जागी बसली. मामाला फोन लागेपर्यंतची ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. लेखी बातमीवर तारीख आपोआप असते. व्हिडिओ मात्र एका फोनवरून दुसऱ्यावर नुसता जातो; तारीख चित्रातच लिहिलेली नसेल तर तो कायम आजचाच वाटतो. पुराच्या, आगीच्या, अपघाताच्या दृश्यांना हे लागू आहे, आणि पाण्याच्या वेळापत्रकालाही: गेल्या आठवड्याचा व्हिडिओ या आठवड्यात फिरत असतो आणि लोक त्यावर विसंबून घागरी मांडतात.

शिवाय पान उघडताच मोठ्याने वाजणारा आवाज, आणि ‘ब्रेकिंग’ म्हणून लखलखणारी पट्टी. दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, बाळ झोपलेल्या घरात माणूस पान उघडतो आणि दचकून बंद करतो.

या सगळ्याला ठरलेले निकष आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष केले, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या व्हिडिओला कॅप्शन हवीत, चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे टॉकबॅकसारख्या साधनाला वाचून दाखवता येईल असं त्याचं लेखी वर्णन, हवा, आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांपेक्षा जास्त असेल तर तो थांबवायची सोय हवी, काहीही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये, कारण फिट येणाऱ्यांना त्याने खरोखर फिट येऊ शकते. साध्या आकाराच्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीत उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. तुमच्या लाल पट्टीवरची पिवळी अक्षरं मी मोजून पाहिली: पूर्ण लालवर पूर्ण पिवळं ३.७ च्या आसपास येतं. लालवर पांढरंही चारच्या जवळपासच थांबतं. पिवळ्यावर काळं केलंत तर १९ च्या वर जाईल. एक रुपया खर्च न करता, उद्या सकाळी करता येण्याजोगा बदल आहे हा.

कायद्याचं बोलायचं तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४२ वाचा. श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावा, त्यांना ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शनच्या आधारे इलेक्ट्रॉनिक माध्यमं वापरता यावीत, यासाठी शासनाने उपाय करावेत असं ते म्हणतं. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याच्या, प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवण्यासारख्या अटींमुळे बँकेचं साधं काम करता येत नव्हतं. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. हे मी तुम्हाला धमकी म्हणून लिहीत नाही. केवायसी करताना रडकुंडीला आलेली माणसं माझ्याच टेबलासमोर बसलेली असतात, म्हणून तो निकाल मी पूर्ण वाचला.

माझ्या मागण्या अशा:

१. नागरी सूचनेच्या प्रत्येक व्हिडिओखाली आणि पोस्टरखाली तीच संपूर्ण सूचना युनिकोड मराठीत, त्याच वेळी द्या. वेळापत्रक तक्त्यात, गल्लीच्या नावाने शोधता येईल असं.

२. प्रत्येक व्हिडिओला माणसाने तपासलेली मराठी कॅप्शन द्या. ती चित्राच्या खालच्या बाजूला येतात, तिथे तुमचं नाव किंवा जाहिरात ठेवू नका.

३. पडद्यावर दिसणारी प्रत्येक वेळ आणि प्रत्येक जागेचं नाव निवेदिकेने तोंडाने सांगावं. बोलणं चालू असताना संगीत बंद.

४. प्रत्येक फोटोला आणि पोस्टरला पर्यायी मजकूर. ‘पोस्टर’ असं लिहून भागणार नाही, त्यात काय सांगितलंय ते लिहा.

५. प्रत्येक दृश्यावर चित्रीकरणाची तारीख आणि ठिकाण. जुनं असेल तर ‘संग्रहित’ हा शब्द दृश्य संपेपर्यंत कोपऱ्यात राहू द्या.

६. आवाज आपोआप सुरू होऊ नये.

७. पाण्याच्या सूचनेत पहिलं वाक्य पाण्याचं असावं. तलाव आणि किल्ला आम्हाला प्रिय आहेत, ते शेवटी दाखवा.

मनुष्यबळ कमी आहे, असं तुम्ही म्हणाल. तुमचं कार्यालय लहान आहे याची मला कल्पना आहे, संध्याकाळच्या त्या घाईची किंमत मी जाणते. पण तुमची निवेदिका कॅमेऱ्यापुढे जे वाचते ते आधी कुणीतरी टाइप केलेलंच असतं. पहिली मागणी म्हणजे तोच मजकूर खाली चिकटवणं. आणि कॅप्शनची एसआरटी फाइल म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते: आधी अनुक्रमांक, त्याखाली ते वाक्य कितव्या सेकंदाला येणार नि कितव्याला जाणार, त्याखाली वाक्य, मग एक रिकामी ओळ. मजकूर तयार असला की वेळा घालायचंच काम उरतं. मी ते करून पाहिलं. गेल्या गुरुवारचा तुमचा दोन मिनिटे दहा सेकंदांचा पाण्याचा व्हिडिओ घेतला. निवेदन ऐकून टाइप करायला ११ मिनिटं लागली, वेळा घालायला १४. तुमच्याकडे मजकूर तयार असतो, त्यामुळे तुमची ११ मिनिटं वाचतील.

ती एसआरटी फाइल, त्याच वेळापत्रकाचा युनिकोड तक्ता, आणि तुमच्या तीन पोस्टरांसाठी लिहिलेला पर्यायी मजकूर मी तुमच्या कार्यालयाच्या ईमेलवर आज पाठवला आहे. जसाच्या तसा वापरा, माझं नाव कुठे नको. तुमच्याकडे नव्याने लागलेल्या मुला-मुलींना हे शिकवायचं असेल तर रविवारी माझं दुकान बंद असतं, दोन संगणक मोकळे असतात, त्यांना पाठवा.

आमच्या गल्लीची पुढची पाळी सोमवारी पहाटे आहे. त्याआधी रविवारी संध्याकाळी सात वाजता तुमची लेखी यादी आली तर मी नानांपुढे फोन आणि पेन्सिल ठेवेन.

आपली,
पूर्व भागातली एक वाचक
सोलापूर